मुंबई कोठून मोजावी?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या चाळीतल्या बायका घरचे उंबरे पणत्यांनी उजळून झाल्या, की एक पणती नाक्यावरच्या दगडापाशी ठेवून येत. दगड काळा, गुडघाभर उंच, निम्माअधिक पदपथात गाडलेला. त्याच्यावर दोन तिरप्या रेघा वरून येऊन खाली एकत्र मिळाल्या होत्या. कोकणातून आलेल्या एका आजीने त्या रेघांत विठोबाचे गंध पाहिले आणि तेव्हापासून तो दगड आमच्या नाक्याचा राखणदार झाला. पहाटे पहिल्या पाळीला निघालेले गिरणीवाले त्याला हात लावून जात. माझे बाबा साचेखात्यात होते, तेही जात.

सातवीत मी रोमन आकडे शिकलो आणि एके दिवशी मला साक्षात्कार झाला, की विठोबाचे ते गंध म्हणजे रोमन पाच आहे! धावत घरी येऊन मी बाबांना सांगितले, "बाबा, तो देव नाही. पाच मैल आहेत ते." बाबा जेवत होते. त्यांनी मान वर न करता विचारले, "कोठून?"

मला उत्तर देता येईना. दगडाचा खालचा भाग, जेथे ते लिहिलेले असणार, जमिनीत होता. फार वर्षांनी, पुस्तके चाळता चाळता, उत्तर सापडले. इंग्रजांनी कोटाबाहेर उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मैलाचे दगड रोवले आणि त्यांचे अंतर कोटातल्या सेंट थॉमसच्या देवळापासून मोजले. हे देवळ १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले. कोटाच्या तटाला त्याच्या बाजूस जो दरवाजा होता तो 'चर्च गेट'. तट १८६०च्या दशकात पाडला गेला, दरवाजा गेला, आणि नाव मात्र रेल्वेच्या पाटीवर जाऊन बसले. आता रोज लाखो माणसे नसलेल्या दरवाजाचे तिकीट काढतात. हे सगळे मी मोठ्या उत्साहाने बाबांना ऐकवले. तोवर ते थकले होते. शांतपणे म्हणाले, "म्हणजे देवळापासूनच मोजले ना? मग आम्ही पणती ठेवली त्यात काय चुकले?"

मुंबईवर पुस्तक लिहिणाऱ्या प्रत्येकाला बाबांचा तो एका शब्दाचा प्रश्न विचारावा, असे मला अलीकडे फार वाटू लागले आहे. बाबा रे, तू हे शहर मोजतोस, ते कोठून?

हे वाटण्याचे कारण असे, की गेल्या काही वर्षांत मुंबईच्या नवलांवर पुस्तकांचे आणि लेखांचे उदंड पीक आले आहे. विसरलेल्या वास्तू, चमत्कारिक पुतळे, नावांमागच्या गमती, कोणाच्या लक्षात न येणारे कोपरे असा हा सगळा मालमसाला. माझ्या नातीला शाळेने सुटीत असले एक पुस्तक वाचून त्यातल्या जागा पाहून यायला सांगितले. मी निवृत्त माणूस. तिच्याबरोबर हिंडायचे काम माझ्याकडे आले. चार रविवार आम्ही आजोबा-नात पुस्तक काखोटीला मारून शहरभर फिरलो. मी अशी आणखी पाच-सात पुस्तके त्या निमित्ताने वाचली. त्या वाचनाचा आणि पायपिटीचा हा जमाखर्च आहे.

प्रथम जमेची बाजू. या पुस्तकांनी लोकांना मान वर करून पाहायला शिकवले, ही गोष्ट लहान नव्हे. क्रॉफर्ड मार्केटात माझी हयात भाजी आणि फळे घेण्यात गेली; पण त्याच्या दारावरची कोरीव चित्रे लॉकवुड किपलिंग यांच्या हातची आहेत, हे मला नातीच्या पुस्तकाने सांगितले तेव्हा मी पिशवी खाली ठेवून पहिल्यांदा वर पाहिले. सबंध मुंबई पोर्तुगीज राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजाकडे गेली, १६६१ च्या करारात तसे ठरले, आणि १६६८ साली राजाने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, हे आम्हीही शाळेत शिकलो होतो. पण नात म्हणाली, "आजोबा, आपल्या खोलीचे भाडे त्याहून जास्त होते का हो?" असा प्रश्न मुलाला पडावा, यातच पुस्तकाचे सार्थक आहे.

आता खर्चाची बाजू. ती समजण्यासाठी वाचकांनी आमच्याबरोबर थोडे हिंडले पाहिजे.

पहिल्या रविवारी काळा घोडा. पुस्तकात गोष्ट खुसखुशीत सांगितली आहे. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस येऊन गेला त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला; १८७९ साली तो उभा राहिला. हाच राजपुत्र पुढे सातवा एडवर्ड झाला. लोकांनी स्वाराकडे ढुंकूनही न पाहता घोड्याचेच नाव चौकाला दिले. १९६५ साली पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या बागेत नेला. पुढे बावन्न वर्षे काळ्या घोड्यावाचूनच तो काळा घोडा होता. मग २०१७ साली तेथे नवा काळा घोडा आला, पण स्वारावाचून. गोष्ट येथे संपते आणि लेखक पान उलटतो.

माझे म्हणणे असे, की गोष्ट खरी येथे सुरू होते. हा विनोद कोणी केला? सम्राज्ञीच्या वारसाला खाली उतरवून त्याच्या घोड्याला मान देणारे हे 'लोक' कोण? ते घोडेवाले होते, हमाल होते, कचेऱ्यांतले शिपाई होते. त्यांना इंग्रजी पाटी वाचता येत नव्हती आणि वाचण्याची गरजही वाटत नव्हती. त्यांनी ठरावाशिवाय आणि सभेशिवाय जे केले, ते अधिकृतपणे करायला शहराला १९६५ साल उजाडावे लागले. नवलाच्या पुस्तकात पुतळ्याचा दाता आहे, साल आहे, धातू आहे. ज्यांनी नाव ठेवले ते मात्र 'लोक' या एका शब्दात गुंडाळून ठेवले आहेत.

दुसऱ्या रविवारी भायखळा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटले ते या हत्तीवरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. नातीने त्याच्या अंगावरचे सांधे बोटाने दाखवले आणि म्हणाली, "हा न गेलेला हत्ती आहे." एवढे नेमके वाक्य मला त्या पुस्तकात आढळले नाही. पुस्तकात हत्तीची गोष्ट फजितीची म्हणून सांगितली आहे: साहेबाची यारी कशी तुटली याची. मुलीला ती हत्तीची गोष्ट वाटली. ज्या बेटाला त्याने नाव दिले तेथून तो गेला, ज्या देशाला नेणार होते तेथे पोचला नाही, आणि शेवटी आमच्या भायखळ्याचा झाला. या शहरातल्या बहुतेकांची हकीकत याहून फार वेगळी नाही.

जवळच खडा पारसी. ओतीव लोखंडाच्या उंच खांबावर शेट कर्सेटजी माणेकजी उभे आहेत. मुलाने वडिलांची आठवण म्हणून हे स्मारक उभारले. आज उड्डाणपुलाच्या दोन फाट्यांच्या मधोमध शेटजी उभे आहेत, आणि पुलावरून जाणाऱ्याला ते क्षणभर बरोबरीने चालल्यासारखे दिसतात. २०१४ साली त्यांची चांगली डागडुजी झाली. पुस्तकातल्या बारकाव्यांत मला खोट काढता आली नाही. पण मागे वळून पाहिले तर याच रस्त्याने, आज ज्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग म्हणतात त्याने, आम्ही आमच्या चाळीकडे परत निघालो होतो. वाटेवर परळ. परळला सुधार ट्रस्टच्या चाळीत डॉ. आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. कोलंबियाला गेले, लंडनला गेले, परत येऊन पुन्हा त्याच चाळीतल्या दोन खोल्यांत राहिले. नातीच्या पुस्तकात ही चाळ नाही. का नसावी? तिच्यात नवल दिसत नाही म्हणून! लोखंडी खांबावरचा शेटजी हे नवल. आणि जगातल्या मोठ्या विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला माणूस गिरणगावातल्या चाळीत रात्र रात्र जागून वाचतो, हे नवल नव्हे?

येथे मला या पुस्तकांचे मर्म सापडले असे वाटते. ती शहर डोळ्याने मोजतात. जे चटकन दिसेल, ज्याचे चित्र छापता येईल, जे एका पानात आटपेल, ते आत, बाकीचे बाहेर. डोळ्याचे माप खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण त्या मापाने चाळ नेहमीच खुजी भरणार.

हे माप आपल्याकडे पूर्वापार आहे काय? मुळीच नाही. याचा दाखला मराठीतच आहे आणि तो थोडाथोडका जुना नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली छापले गेले. माडगांवकर मूळचे गोव्याकडचे. मुंबईत शिक्षकी करीत. स्वच्छतेवर लिहिणारे, कर्ज काढू नका म्हणून सांगणारे, असे ते सरळमार्गी पंतोजी. त्यांचे पुस्तक मी तरुणपणी दुसऱ्या आवृत्तीत वाचले होते, न. र. फाटकांनी संपादिलेली ही आवृत्ती १९६१ साली निघाली. २००८ साली मुरली रंगनाथन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा बाहेरच्या पंडितांनाही त्याची थोरवी कळली. या चार रविवारांच्या निमित्ताने ते मी पुन्हा वाचायला घेतले आणि दोन रात्री ते हातावेगळे करवेना.

माडगांवकरांनाही नवलाची आवड आहे. किंबहुना त्यांच्याइतका नवलखोर लेखक आमच्याकडे विरळा. आगगाडी १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला गेली, तिला दहा वर्षे झालेली. ताडदेवला पहिली कापडगिरणी निघून सात-आठ वर्षे झालेली. विहारच्या तलावाचे पाणी नळाने शहरात नुकतेच आलेले. अशा वेळी एका शिक्षकाचे डोळे विस्फारले तर आश्चर्य नाही. पण त्यांचे विस्फारलेले डोळे हिशेबही करतात. वस्तू कोठून येते, काय भावाने विकली जाते, काम कोण करतो, पाणी कोण भरतो, कोठल्या जातीची माणसे कोठे राहतात, सण कसे करतात, असे विचारत विचारत ते पुढे जातात. देऊळ, बाजार, छापखाना, शाळा, इस्पितळ, टांकसाळ: सगळे एकाच पंक्तीला बसलेले. त्यांचे शहर चालते, ओरडते, खाते, फसवते आणि फसते. ते बाजारातून मोजलेले शहर आहे.

म्हणून त्यांच्या पुस्तकाला दोष नाहीत असे नव्हे. इंग्रजी राज्याविषयी त्यांच्या मनात जो आदर आहे तो आजच्या वाचकाला जड जातो. उपदेश करण्याची संधी दिसली, की पंतोजी छडी उचलतात. आणि त्यांचे साल पाहा: १८६३. अमेरिकेत यादवी पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला मिळत नव्हता, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सारे शहर शेअरच्या वेडाने झिंगले होते. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. माडगांवकरही त्याच साली वारले. भरतीच्या वेळी किनाऱ्याचे वर्णन करावे तसे त्यांचे झाले. ओहोटीचा चिखल त्यांच्या पुस्तकात येऊ शकला नाही. तरीही १८८९ सालच्या आचार्य आणि शिंगणे यांच्या 'मुंबईचा वृत्तांता'पासून १९०९ च्या एडवर्ड्स साहेबांच्या तीन खंडी गॅझेटियरपर्यंत जे लिहिले गेले, त्यात माहिती अधिक असेल, शिस्त अधिक असेल. पण बाजारात उभे राहून कान देणारा हा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

कान देणे म्हणजे काय, हे नावांच्या बाबतीत चांगले कळते. तिसरा रविवार आम्ही नावांसाठी राखून ठेवला होता. नातीच्या पुस्तकात भेंडीबाजाराची व्युत्पत्ती दिली आहे: साहेब आपल्या बोलीत 'बाजाराच्या मागे' असे म्हणत, त्याचा अपभ्रंश होऊन भेंडीबाजार झाले. गोष्ट मजेदार आहे आणि सगळीकडे सांगितली जाते. जुनी पुस्तके मात्र सरळ सांगतात, की तेथे भेंडीची झाडे होती. आता ही भेंडी म्हणजे ताटातली नव्हे. समुद्रकाठी वाढणारा, पिवळ्या फुलांचा तो वृक्ष. कोकणातला कोणीही माणूस हे ऐकून मान डोलावेल. मग ती साहेबाची गोष्टच आपल्याला का आवडते? आपल्या झाडाचे नावसुद्धा साहेबाच्या तोंडून घसरून पडले असावे, असे मानण्यात आपल्याला कसली एवढी गंमत वाटते, याचा एकदा विचार करायला हवा.

कारण नुसती नावे मोजली तरी मुंबईत जंगल उभे राहते. उमरखाडीचा उंबर, वडाळ्याचा वड, फणसवाडीचा फणस, चिंचबंदर आणि चिंचपोकळीची चिंच, ताडवाडीचे ताड, केळेवाडीच्या केळी. लोकलच्या गर्दीत आम्ही दिवसातून दहा वेळा ही झाडे उच्चारतो आणि एकाचीही सावली आमच्या अंगावर पडत नाही.

जे झाडांचे तेच पाण्याचे. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, मस्तान तलाव, दो टाकी. विहारचे पाणी १८६०च्या सुमारास आले तोवर या तळ्यांवर आणि विहिरींवर शहर जगत होते. नळ आले आणि तळी एकामागून एक बुजवली गेली. गोवालिया तळ्यावर जे मैदान झाले, त्यावरून ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'ची हाक निघाली. नात धोबीतलावाच्या चौकात उभी राहून चारी बाजूंना पाहत म्हणाली, "आजोबा, तलाव कुठाय?" मी म्हटले, "आपण उभे आहोत तो तलावच आहे." तिने पाय उचलून खाली पाहिले. इतिहास म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या वाचनाने जितके कळले नाही तितके त्या उचललेल्या पावलाने कळले.

एक तळे मात्र राहिले आहे. वाळकेश्वरचे बाणगंगा. तेथे पुस्तक रामायणातली कथा सांगते, दगडी पायऱ्यांचे वर्णन करते, दीपस्तंभांचे चित्र देते. वाळकेश्वराचे देऊळ १७१५ च्या सुमारास रामा कामाती याने पुन्हा बांधले, एवढेही एका ओळीत सांगते. पण रामा कामाती कोण? कंपनीच्या विश्वासातला, शिपायांची जमवाजमव करणारा श्रीमंत शेणवी. कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप त्याच्यावर आला, १७२० साली खटला झाला, मालमत्ता गेली, आणि तो कंपनीच्या कैदेतच मेला. ज्या पत्रावर खटला उभा होता ते बनावट होते, असे पुढे इतिहासकारांनी म्हटले. मी नातीला ही हकीकत पायरीवर बसून सांगितली. आमच्यासमोर भटजी श्राद्ध सांगत होते, बदके पोहत होती. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याचा दगड कोठे आहे?" मी म्हटले, "हाच. हे देऊळ."

नवलाच्या पुस्तकाला ही हकीकत नको असते, कारण ती गोड नाही. हॉर्नबी वेलार्डची कथा त्याला हवी असते. वरळीच्या खाडीचा बांध पुनःपुन्हा ढासळे. मग रामजी शिवजी या पाठारे प्रभू बांधकाम करणाऱ्याच्या स्वप्नात महालक्ष्मी आली, खाडीतून मूर्ती काढल्या आणि १७८४ च्या सुमारास बांध टिकला, अशी ती दंतकथा. मलाही ती आवडते. लहानपणी महालक्ष्मीच्या जत्रेला जाताना आईने ती दर वर्षी सांगितली आहे. बांध राखणारी देवी आणि तुरुंगात मेलेला देऊळकर्ता या दोघांना एका पुस्तकात जागा असावी, एवढेच माझे म्हणणे. गोड तेवढेच वाढले तर तो फराळ होतो, जेवण होत नाही.

आता कोणी म्हणेल, की तुम्ही हलक्याफुलक्या पुस्तकांकडून इतिहासाची अपेक्षा करता, हे बरे नव्हे. हा आक्षेप मला मान्य नाही. हलकेफुलके लिहूनही शहर आतून मोजता येते, याचा पुरावा १९५८ सालीच मिळाला आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' कोठल्याच नकाशावर नाही. पण मुंबईबाहेरच्या मराठी माणसाला विचारा. त्याने राजाबाई टॉवर पाहिला नसेल, ही चाळ मात्र त्याची पाहिलेली असते. न बांधलेली वास्तू शहराची खूण होऊन बसली, याहून मोठे नवल कोणते? पु.लं.नी चाळीचे साल, दाता, दगड काही दिले नाही, माणसे दिली.

आणि जेथे फराळ नाही तेथले माप? नारायण सुर्वे यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी नेले. १९६६ च्या 'माझे विद्यापीठ'मध्ये त्यांनी रस्त्यावरूनच शहर मोजले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांना ती वस्ती पाहण्यासाठी कवीलाच वाटाड्या करावे लागले. मुंबईत वाढलेल्या, मुंबईवर लिहिणाऱ्या लेखकाला मुंबईतच वाटाड्या लागला! अपरिचित मुंबई म्हणून आज जी पुस्तके खपतात, त्यांनी या एका गोष्टीवर विचार करावा. अपरिचित जागा नेहमी जुन्या असतात असे नाही. कधी कधी त्या फक्त आपण जात नाही अशा असतात.

चौथा रविवार मी स्वतःसाठी मागून घेतला. पुस्तक घरी ठेवायचे, असे नातीला बजावले. आम्ही बाबांच्या गिरणीवर गेलो. म्हणजे गिरणी होती तेथे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली, आणि हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कागदावर पाहिले तर माझे बाबा मरेपर्यंत संपावरच होते. त्यानंतर त्यांनी एका दुकानाच्या दाराशी स्टुलावर बसून राखण केली. पण कोणी कामाचे विचारले, की "साचेखात्यात आहे," असेच सांगत. आज तेथे काचेचा उंच मनोरा आहे. आत काय आहे हे पाहण्याची आम्हाला मुभा मिळाली नाही. कोपऱ्यात जुनी चिमणी तेवढी उभी आहे. तिला रंग दिला आहे आणि रात्री तिच्यावर दिवे सोडतात. नात म्हणाली, "ही पुढच्या पुस्तकात येईल." येईल, मला शंका नाही. उंची येईल, विटा येतील, दिव्यांचे चित्र येईल.

मी तिला ती जागा दाखवली जेथे दरवाजा होता. तेथे पगाराच्या दिवशी आई मला कडेवर घेऊन उभी राही, कारण दरवाजाबाहेर पठाणही उभा असे, आणि आईला त्याच्या आधी बाबांना गाठायचे असे. ही जागा कोठल्याच यादीत नाही. तिला दगड नाही, साल नाही, दाता नाही. ती माझ्या डोक्यात आहे, आणि आता नातीच्या.

परत येताना आम्ही नाक्यावरच्या दगडाशी थांबलो. मुंबईतले असे काही मैलाचे दगड अलीकडे शोधून, उकरून, साफ करून पुन्हा नीट उभे केले आहेत. हे काम करणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. आमचा दगडही आता पुरता वर आला आहे, आणि खालची अक्षरे लख्ख वाचता येतात. पाच मैल, सेंट थॉमसपासून. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर दगडावर पहिल्यापासून होते. ते आमच्या पायांखाली होते, इतकेच.

पण दगड साफ करताना त्याच्यावरचा तेलाचा आणि कुंकवाचा थरही गेला. तो जायलाच हवा होता, हे मला पटते. तरी त्या थरात काही कमी वर्षांचा इतिहास नव्हता. साहेबाने जे अंतर म्हणून रोवले, ते आमच्या बायकांनी राखणदार म्हणून सांभाळले; त्या सांभाळण्यामुळेच रस्ता रुंद करणाऱ्यांच्या पहारींतून तो दगड वाचला, अशी माझी समजूत आहे. पुस्तकात दगडाची पहिली ओळ येईल, सेंट थॉमसची. दुसरी ओळ कोणी लिहील काय? मुंबईच्या नवलांवरच्या पुढच्या पुस्तकाकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे, आणि ती मोठी आहे, हे मला ठाऊक आहे.

या वर्षी चाळीत चारच बिऱ्हाडे उरली आहेत. लक्ष्मीपूजन झाल्यावर नात हातात पणती घेऊन जिना उतरली. मी वरून पाहत होतो. तिने पणती दगडापाशी ठेवली, वाऱ्याच्या बाजूला क्षणभर हात धरला, आणि मग दगडाकडे पाठ करून पावले मोजत घराकडे आली.

"आजोबा," दारात येऊन ती म्हणाली, "एकशे चौदा."

मी विचारले, "कोठून?"

ती हसली. म्हणाली, "घरापासून."